वजा कोरा

वजन घेताना श्वास रोखायचा,
बिरनाळे मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं.
काटा इतका हलक्या काळजाचा
की समोर कुणी शिंकलं तरी आकडा नाचतो.
म्हणून काचेची दारं लावून,
चिमट्यात कागद धरून,
मी, मगदूम, प्रयोगशाळा परिचर,
दहावी दुसऱ्या खेपेला पास,
रोज सकाळी श्वास बंद करून
कुपवाडची हवा मोजतो.

यंत्र कारखान्याचं, पैसेही त्यांचेच.
कागद, काटा आणि मी कॉलेजचे.
कराराच्या दिवशी पेढे होते, भडंग होतं.
"आकडे फक्त कंपनीला कळवावेत" असं कलम होतं.
मॅडमनी पेन काढून 'फक्त' खोडला.
आवटी शेट बघत राहिले,
मग हसून तिथंच वर बारीक अक्षरात
'आधी' लिहिलं.
दोघांनी समासात सह्या केल्या.
मी चहाचा ट्रे धरून उभा. चहाला साय आली.

यंत्र बसलं कॅन्टीनच्या गच्चीवर.
छान जागा. लाईट, शिडी, वॉचमन.
माझी आई उफणायला वावडीवर चढायच्या आधी
मूठभर भुस्कट सोडून बघायची:
वारं कुठनं, माणूस कुठं, धान्य कुठं.
चुकलं तर कोंडा आपल्याच डोळ्यांत.
मी तंबाखूची चिमूट सोडली.
ती सरळ चिमणीकडं गेली.
"मॅडम, आपण वाऱ्याच्या वरच्या अंगाला आहोत."
"माहीत आहे," म्हणाल्या,
"जागा त्यांनी ठरवायची. कलम सात."

तरी कागद काही गप्प बसले नाहीत.
डिसेंबरात त्यांवर काळे ठिपके, ऊस-गाळपाचे.
मार्चात एक पिवळाधमक निघाला,
वखारीत हळद पॉलिश होत होती.
शेट खूश. "बघा, ही माझी नव्हे!"
काट्याला काय त्याचं.
हळद असो, भट्टीची वाळू असो,
पावशेर म्हणजे पावशेर,
जरी इथं पावशेराला कैक जन्म लागतील.

आता कोऱ्याचं.
दर खेपेला एक कागद जादा न्यायचा.
डबीतून काढायचा, यंत्रात ठेवायचा,
आणि बटण न दाबताच परत आणायचा.
त्याला जे काही चिकटेल
ती आपल्या हातांची चूक समजून
बाकी सगळ्यांतून वजा.
काय काम करता, असं पाहुण्यांनी विचारलं
तर मी हे सांगत नाही.

इलाही मुजावर मोल्डिंगला आहे.
चिमणीपलीकडच्या चाळीत राहतो.
एकदा यंत्राची वायर घेऊन कॉलेजात आला,
मला वजन घेताना बघितलं.
"तुमचं बरं हाय," म्हणाला, "रोखता तरी येतो."
मग डबीकडं बोट करून,
"ह्यातला एक द्या की. एका रात्रीपुरता."
मी दिला.
का दिला, हे रजिस्टरात लिहायला रकाना नाही.

त्याच्या खिडकीच्या फळीवर,
दुधाच्या पातेल्याशेजारी, उघडा.
सकाळी कोरा जड होता.
मी आकडा दोनदा घेतला, तिसऱ्यांदाही.
मॅडम बघून म्हणाल्या,
"हा वजा केला तर, मगदूम,
अख्ख्या एप्रिलाची हवा उणे येते.
महाबळेश्वरही इतकं स्वच्छ नसेल."
मग मी खरं सांगितलं.
त्या रागावल्या. बरोबरच होतं.
लाल शाईनं लिहिलं: नमुना बाद.
शाई वाळेपर्यंत बघत बसल्या
आणि फोन लावला.
"शेट, आधी तुम्हाला कळवते."

पलीकडं भट्टीचा आवाज.
पंखा. कुणीतरी खोकलं.
"कुठली खिडकी?"
"पश्चिमेची. चाळीची."
"हे कराराबाहेरचं आहे, मॅडम."
"हो."
परत भट्टी.
"जुनं यंत्र पडलंय स्टोअरला," शेट म्हणाले,
"चाळीला शिडी किती फुटी लागेल?"

फोन मॅडमच्या हातात होता,
तरी मीच बोललो,
"चौदा."